स्लॅश आठ धरून बसलेल्या मंडळींना खुलं पत्र

स.न.वि.वि.

पत्र नेमकं कुणाच्या नावानं लिहायचं यातच माझे दोन दिवस गेले, कारण तुम्ही काही एक नाही आहात. कुणी अमेरिकेची संरक्षण खात्यातली मंडळी, कुणी गाड्या बनवणारे, कुणी फोन बनवणारे, कुणी विद्यापीठ, कुणी ब्रिटनचं सरकार. तुमच्यात सारखं एवढंच की इंटरनेट पाळण्यात होतं तेव्हा तुम्हाला इंटरनेटवर जोडायला लागणाऱ्या नंबरांचा, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसचा आख्खा स्लॅश आठचा ब्लॉक मिळाला. एक स्लॅश आठ म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ अ‍ॅड्रेस. काहींना एक मिळाला, काहींना दोन, आणि संरक्षण खात्याचे तर मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छोटा आयएसपी, म्हणजे घरोघरी इंटरनेट पुरवायचा धंदा, चालवतो. आधी केबल होती, मग फायबर टाकली. अकरा हजाराच्या आसपास कनेक्शन आहेत आणि पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरच्या जगाला थेट दिसणारे नंबर, आहेत ५१२. लाख नाही, हजार नाही, पाचशे बारा. ते पण आपल्या देशात हे नंबर वाटणाऱ्या इरिनकडे फॉर्म भरून, नेटवर्कचा नकाशा काढून, कुठला राउटर कुठे आणि वर्षभरात किती गिऱ्हाईक वाढणार हे सगळं लिहून देऊन मिळाले. आम्ही अर्ज केला २०१९ च्या जूनमध्ये आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या वरच्या, आशिया-पॅसिफिक भागाला नंबर वाटणाऱ्या एपनिकनं नव्या मेंबरला मिळणारी मर्यादा १०२४ वरून ५१२ वर आणलेली, म्हणजे चार महिन्यांनी आमचं अर्धं पोतं गेलं. आमचे अ‍ॅड्रेस १०३ नं सुरू होतात. भारतात २०११ नंतर धंद्यात आलेला बहुतेक प्रत्येक छोटा आयएसपी १०३ वाला असतो, कारण एपनिकच्या वाट्याला आलेला शेवटचा ब्लॉक तोच. आमच्या लाइनीतली माणसं आकडा बघूनच ओळखतात की हा उशिरा जेवायला बसलेला.

तर हे ५१२ कसे पुरतात ते सांगतो, कारण मला वाटतं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे कधी करून बघितलेलं नाही. निम्मे म्हणजे २५६ सीजीनॅटला, म्हणजे एका आयपीवर अनेक घरं चालवायच्या सोयीला, लावलेत. एकेका पब्लिक आयपीच्या मागे ४२-४३ घरं. एका आयपीला पोर्ट, म्हणजे एकेका जोडणीला लागणारे उपनंबर, असतात ६५,५३६, खालचे हजारभर सोडले तर घरटी पंधराशेच्या आसपास येतात, आणि एका घरात पाच मोबाईल, एक टीव्ही, पोराचा गेम आणि वर पाहुणे आले की रविवारी संध्याकाळी तेही कमी पडायला लागतात. मग नेट बंद पडत नाही हो, नेट विचित्र होतं. एखादी वेबसाइट अर्धी उघडते, मॅपचे तुकडे राहतात, आणि गिऱ्हाईक फोन करून सांगतं की स्पीड टेस्टला तर शंभर दाखवतंय मग हे काय. त्याला काय सांगू, की तुझ्या गल्लीतली चाळीस घरं एका दारातनं आत-बाहेर करतायत?

राहिलेले २५६. त्यातले काही आमच्या राउटर-सर्व्हरला गेले, बाकीचे स्टॅटिक, म्हणजे एकाच गिऱ्हाइकाचा न बदलणारा आयपी म्हणून दिले, दोन पतसंस्था, एक दूध संघ, एक साखर कारखान्याचं ऑफिस, सीए लोक, दवाखाने. ते संपले दीड वर्षापूर्वी. आता एक डायरी आहे, तिच्यात वेटिंग लिहितो. मागच्या आठवड्यात एक पोल्ट्रीवाला आला होता, तीन शेड, दहा कॅमेरे, म्हणाला, “भाऊ, नेट पळतंय झकास, पण कॅमेरा मोबाईलवर दिसंना की.” दिसतो म्हणजे, डीव्हीआर कंपनीच्या क्लाउडवरून अडकत अडकत दिसतो, कोंबडी एका जागी आणि दहा सेकंदांनी एकदम दुसऱ्या जागी. त्याला थेट हवाय, त्यासाठी पब्लिक आयपी हवा, तो नाही. त्याचं नाव डायरीत ६३ वं.

आणि पोलिसांचं लेटर. सायबरकडून कागद येतो, अमुक आयपी, अमुक वेळ, कोण होतं ते कळवा. पोर्ट लिहिलेला नसतो. पोर्टशिवाय माझ्याकडे उत्तर म्हणजे ४३ घरं. कुणाचं नाव देऊ? लायसन्सप्रमाणे दोन वर्षं लॉग सांभाळायचा, तो सांभाळतो, त्याच्या हार्डडिस्कचा खर्च वेगळा, पण समोरच्या वेबसाइटनंच पोर्ट नोंदवला नसेल तर त्या लॉगचा उपयोग शून्य. हा सगळा खटाटोप अ‍ॅड्रेस कमी आहेत म्हणून चाललाय, दुसरं काही कारण नाही.

आता तुम्ही म्हणाल की यात आमचा काय दोष. बरोबर आहे, सुरुवातीचा दोष तुमचा नाहीच. १९८१ मध्ये आयपीव्ही४, म्हणजे आजही चालणारी ही नंबरांची जुनी पद्धत, ठरली तेव्हा एकूण अ‍ॅड्रेस ४२९ कोटी, आणि जॉन पोस्टेल म्हणून एक भला माणूस कोणाला कुठला नंबर दिला याची यादी ठेवायचा. मापं तीनच होती. क्लास ए म्हणजे १ कोटी ६७ लाख, क्लास बी म्हणजे ६५,५३६ आणि क्लास सी म्हणजे २५६. मधलं काही नाही. दुकानात गेलं तर एक तर पावशेर मिळणार नाहीतर आख्खं पोतं, मग ज्याला दोन किलो हवंय तो काय करणार, पोतंच उचलणार. १९९३ मध्ये सीआयडीआर आलं आणि पाहिजे तेवढं कापून द्यायची सोय झाली, पण तोवर पोती घरी पोचलेली.

मी ज्या भागात राहतो तिथे हे समजायला कॉम्प्युटर लागत नाही. इनाम जमीन म्हटलं की कळतं. कुणा पूर्वजाला कधी काळी शंभर एकर मिळाली, कागद साधासुधा, सारा माफ, आणि पुढच्या पिढ्या त्यावर बसून. तुमचंही तसंच आहे. एरिन ही अमेरिकेतली रजिस्ट्री १९९७ च्या डिसेंबरात सुरू झाली, तुमचे ब्लॉक त्याच्या आधीचे, त्यामुळे तुमच्यातल्या अनेकांचा कुणाशी करारच नाही. आमच्याकडे इनामं गेली, कुळकायदा आला, १९६१ ला सीलिंगचा कायदा आला. तुमच्यावर सीलिंग कोण लावणार? लावणाराच कुणी नाही, म्हणून तर हे पत्र. हुकूम करायला माझ्याकडे काही नाही, विनंतीच आहे.

आणि विनंती काही पहिली नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत आरएफसी १९१७ हा इंटरनेटवाल्यांचा जाहीर कागद निघाला, त्याचा विषयच हा, की वापरात नसलेले ब्लॉक परत करा. त्याच्या पुढचाच नंबर, १९१८, त्याच महिन्यात निघाला, आणि तो तर जगातल्या प्रत्येक नेटवर्कवाल्याला पाठ आहे, १० चा ब्लॉक, १७२.१६ आणि १९२.१६८, घरच्या वायफायला जो आकडा दिसतो तो. एकानं सांगितलं परत द्या, दुसऱ्यानं सांगितलं त्याच्या जागी आतल्या खासगी नेटवर्कला हे वापरा. १९१८ जगानं डोक्यावर घेतला. १९१७ विचारा कुणाला, दहातल्या नऊ जणांना माहीत नाही.

तरी काहींनी ऐकलं, ते नाकारणं बरोबर नाही. स्टॅनफर्डनं २००० मध्ये आपला ३६ चा ब्लॉक परत केला. एका पैशाची अपेक्षा न ठेवता, आणि आख्ख्या विद्यापीठाचे नंबर बदलून. इंटरॉप हे नेटवर्कवाल्यांचं प्रदर्शन, त्यांच्याकडे ४५ चा ब्लॉक होता, म्हणजे वर्षातून काही दिवस भरणाऱ्या जत्रेला पावणेदोन कोटी अ‍ॅड्रेस! त्यांनी थोडासा ठेवून बाकी सगळा २०१० मध्ये परत दिला. मला या दोघांचं नाव घेताना बरं वाटतं.

बाकीच्यांचं काय झालं ते आता उघड आहे. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाकडे १८ चा ब्लॉक होता. २०१७ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की आमच्या १ कोटी ६० लाखांपैकी १ कोटी ४० लाख अ‍ॅड्रेस कधी वापरलेच गेले नाहीत, आणि त्यातले किमान ८० लाख विकले तरी आम्हाला पुढेही काही कमी पडणार नाही. विकले, अ‍ॅमेझॉननं घेतले. मला हा आकडा वाचल्यावर राग नाही आला, खरं सांगतो, हसू आलं. कारण १९९६ पासूनचा नियम असा होता की नवीन संस्थेनं ब्लॉक मागितला तर त्यातले २५ टक्के लगेच आणि वर्षात ५० टक्के वापरून दाखवायला पाहिजेत. आयएसपीला पुढचा ब्लॉक हवा असेल तर आधीचा ८० टक्के भरलेला हवा. पूर्ण भारतात १४० कोटी माणसांना मिळून चार कोटींच्या आसपास आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस आहेत. एका कॅम्पसकडे त्याच्या चाळीस टक्क्यांएवढे होते, आणि त्यातला वापर आठात एक.

ब्रिटनच्या पेन्शन खात्याकडे ५१ चा ब्लॉक होता. २०१२ मध्ये लोकांनी विचारलं तर उत्तर आलं की तो आतल्या सरकारी नेटवर्कला लागतो. २०१५ पासून त्याचेच तुकडे विकायला निघाले. आता बाहेरून न दिसणाऱ्या नेटवर्कला पब्लिक आयपी कशाला लागतात, हा प्रश्न त्यांना २०१२ मध्ये पडला नाही की भाव वाढल्यावर पडला, ते त्यांनाच विचारायला हवं.

भावाची गोष्ट निघालीच आहे तर. २०११ मध्ये दिवाळखोर नॉर्टेलचे ६,६६,६२४ अ‍ॅड्रेस मायक्रोसॉफ्टनं ७५ लाख डॉलरला घेतले, नग सव्वाअकरा डॉलर. २०२१-२२ ला हाच नग पन्नासच्या वर गेला, म्हणजे २५६ चा छोटासा तुकडा घ्यायचा तर माझ्यासारख्याला दहा लाखांच्या घरात. त्यात मी एक नवीन ओएलटी (फायबरच्या लाइनी जिथून निघतात ते यंत्र), आठ किलोमीटर फायबर आणि बॅटरीचा सेट घेतो, आयपी नाही घेत. नंतर भाव उतरले, पण पोल्ट्रीवाल्याला महिन्याला दोनशे रुपयांत स्टॅटिक आयपी देणाऱ्याला ते अजूनही परवडत नाहीत.

बाजारात गेलं की वाटप आपोआप नीट होतं, ज्याला गरज तो घेतो, असं तुमच्याकडचे बरेच लोक म्हणतात. अर्धं खरं आहे. पडून असलेले अ‍ॅड्रेस वापरात आले हे नक्की. पण ते गेले कुठे बघा ना. जनरल इलेक्ट्रिकचा ३ चा ब्लॉक अ‍ॅमेझॉनकडे. एमआयटीचा अर्धा अ‍ॅमेझॉनकडे. हौशी रेडिओवाल्यांसाठी ठेवलेला ४४ चा ब्लॉक, त्यातले ४२ लाखांच्या आसपास २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनकडे, दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम, म्हणजे नग साधारण पंचवीस डॉलर. आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन क्लाउडवर प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ ला तासाला अर्धा सेंट भाडं, वर्षाचे होतात जवळपास ४४ डॉलर. ते म्हणतात लोकांनी आयपीव्ही६ या भरपूर नंबर असलेल्या नव्या पद्धतीकडे जावं म्हणून, आणि आम्हालाही हे अ‍ॅड्रेस महाग पडतात म्हणून. असेल. पण जमीन एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात गेली, शिवारातल्या कुळाला त्याचं काय?

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो, नाहीतर तुमचा एखादा इंजिनिअर मला लगेच पकडेल. तुम्ही सगळ्यांनी २०१० मध्ये सगळं परत केलं असतं तरी इंटरनेटचा अ‍ॅड्रेसचा प्रश्न सुटला नसता. त्या एका वर्षात १९ स्लॅश आठ वाटले गेले, म्हणजे तुमचा एकेक ब्लॉक तीन आठवड्यांत संपला असता. ३ फेब्रुवारी २०११ ला मायामीत शेवटचे पाच वाटून झाले तो दिवस फार तर वर्ष-दीड वर्षानं पुढे गेला असता. ‘परत करून काय उपयोग’ हे तुमचं उत्तर तेव्हा बरोबर होतं.

आता ते बरोबर नाही. आता कुणी वर्षाला १९ ब्लॉक खात नाही. माझ्या गावात संध्याकाळी निम्म्याहून जास्त ट्रॅफिक आयपीव्ही६ वरून जातं, व्हिडिओ बहुतेक सगळे तिकडेच. आम्हाला व्ही४ लागतात ते फक्त चिंचोळ्या भागासाठी, स्टॅटिक, सीजीनॅट, जुनी उपकरणं. तुमचा एक स्लॅश आठ म्हणजे माझ्यासारखे ३२,७६८ आयएसपी, प्रत्येकाला ५१२. आता तो तीन आठवड्यांत नाही संपणार, वर्षानुवर्षं पुरेल.

नंबर बदलणं किती त्रासाचं असतं हे मला माहीत आहे. प्रिंटरपासून फायरवॉलपर्यंत कुठे कुणी काय हातानं टाइप करून ठेवलंय देव जाणे, ज्यानं टाकलं तो सोडून गेलेला. तुमच्याकडे तर ते हजारपट. आणि काहींची खरी अडचणही असते, कॉमकास्टसारख्या अमेरिकेतल्या केबल कंपनीला १० चा आख्खा ब्लॉकही आत पुरला नाही, इतकी त्यांची मोडेम होती, मग त्यांनी आतलं मॅनेजमेंट व्ही६ वर नेण्याचं काम हाती घेतलं. शेताला बांध लागतो, बांधाला जागा जाते, तेही मान्य. नेटवर्कचे तुकडे (सबनेट) पाडताना थोडे वाया जाणारच. पण बांध पाच एकरांचा आणि पीक एक एकरात, एवढं तरी नको.

म्हणून मागणं साधं आहे. तुमच्या ब्लॉकमधला किती भाग खरंच वापरात आहे ते वर्षातून एकदा जाहीर करा. आमच्या सातबाऱ्यावर पडीक म्हणून वेगळा रकाना असतो, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. एमआयटीनं सांगितला आकडा, कुणी त्यांना खाऊन टाकलं नाही. दुसरं, विकायचं असेल तर विका, पैसे घ्या, पण सगळं एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला गठ्ठ्यानं देऊ नका. त्यातला एक तुकडा रजिस्ट्रीकडे द्या, २५६-२५६ चे वाटे करून नव्यांना मिळू द्या. स्टॅनफर्डचं अजून नाव निघतं, तुमचंही निघेल. आणि तिसरं, ज्यात तुमचा एक अ‍ॅड्रेसही जात नाही, तुमच्या स्वतःच्या वेबसाइट, मेल, एपीआय, सगळं व्ही६ वर चालू करा. तुमच्यातलं एखादं सर्व्हिस पोर्टल फक्त व्ही४ वर असलं की माझ्या अकरा हजार घरांना त्याच्यासाठी सीजीनॅटमधून जावं लागतं. तुम्ही मोकळे आहात कारण तुमच्याकडे व्ही४ भरपूर, आणि तुमच्या त्या भरपूरपणाचं बिल आम्ही भरतो.

संरक्षण खात्याच्या मंडळींना एक वेगळं सांगायचंय, थोडं अवघड आहे. तुमचा ११ चा ब्लॉक इतकी वर्षं इंटरनेटवर कुठे दिसतच नव्हता. मग जगभरातल्या नेटवर्कवाल्यांनी जे केलं तेच मीही केलं. १० चा ब्लॉक आत वेडावाकडा वापरून गुंता झालेला, तेव्हा माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं की ११ घे, तो कधीच बाहेर येत नाही. घेतला. स्विचच्या मॅनेजमेंटला लावला. पडीक रानात शेजाऱ्यानं म्हशी सोडाव्यात तसं. आणि मग २० जानेवारी २०२१ ला, तुमचे अध्यक्ष बदलायला काही मिनिटं बाकी असताना, फ्लोरिडातल्या कुठल्याशा कंपनीकडून ११ चा ब्लॉक अचानक इंटरनेटवर जाहीर व्हायला लागला, पुढे एप्रिलपर्यंत तुमचे १७ कोटींवर अ‍ॅड्रेस त्यात आले. तुम्ही म्हणालात की परवानगीशिवाय कुणी वापरतंय का ते बघण्यासाठी. सप्टेंबरात ते परत तुमच्या नावावर गेलं. त्या दिवसांत माझा एक राउट चुकीचा लागला असता तर माझ्या स्विचचं लॉगिन अमेरिकेच्या दिशेनं निघालं असतं. चूक माझी, शंभर टक्के. पण रान पडीक होतं हे पण खरं ना? आधीच त्यातलं नको असलेलं रान सोडलं असतंत, तर म्हशी शोधायला एवढा बंदोबस्त लागला नसता.

उत्तर इंग्रजीत पाठवलंत तरी चालेल, आमच्याकडे वाचणारी पोरं आहेत.

आपला,
१०३ वाला एक छोटा आयएसपी,
जि. सांगली

ता.क. ११ चा ब्लॉक आम्ही काढला. सदतीस स्विच, रात्री बारा ते चार, असं तीन रात्री. दोन स्विच चुकीचा गेटवे टाकल्यामुळे हरवले, त्यासाठी गाडी काढून जावं लागलं. एकच राहिलाय, गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवरचा, तिथे आग्यामोहोळ बसलंय, ते उठलं की तोही करतो.